कांदळाचा शेंडा

लाल पट्टा पहिल्यांदा कुमुदला दिसला. मी अजून होडीच्या कडेवर बसून एक पाय खाली सोडत होते, चिखल किती खोल आहे ते चाचपत होते. ती माझ्याआधी उतरून पुढे गेली आणि गुडघाभर चिखलात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वैनी, बघ गो. सरांनी झाडांका रंग काढल्यानी."

खरंच काढला होता. जुव्यावरच्या जुन्या कांदळांच्या खोडांवर छातीच्या उंचीला लाल पट्टा आणि त्याखाली पांढरा आकडा. रंग इतका ताजा होता की मी बोट लावलं तर नखात गेला.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आमचा जुवा पाटखोलच्या वाडीसमोर, खाडीच्या तोंडाच्या बाजूला. तिथे घर नाही, विहीर नाही, नुसते कांदळ. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर पडतात आणि चिखलात उतरतात. झाडं जुनी असली की त्या मुळांतून माणसाला वाकूनही धड जाता येत नाही. उधाणात समुद्राची लाट खाडीत घुसली की आधी ह्या मुळांत शिरायची, आणि आमच्या बाजूला येईपर्यंत तिचा दम गेलेला असायचा. वाडीतलं पाण्याकडचं पहिलं घर कुमुदचं. भरतीला तिच्या मागल्या दारात बसून पाय धुता यायचे.

आम्ही शेंगा वेचायला आलो होतो. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हिरव्या लांब शेंगेसारखं लोंबतं. श्रावण सरताना त्या पिकतात. ओढून काढायच्या नाहीत. गळ्याशी पिवळं कडं दिसलं की हलकी फिरवायची. तयार असेल ती आपणहून हातात येते. हे सगळं आम्हाला नेरूरकर सरांनी शिकवलं. सर बँकेतून निवृत्त झालेले. खाडीचं भलं करायचं म्हणून त्यांनी मंडळ काढलं आणि दर शनिवारी स्कूटरवरून आमच्याकडे यायला लागले. वाडीतल्या आम्ही दहा-बाराजणी त्यांच्याबरोबर रोपं वाढवायचो. मजुरी नाही, मानधन नाही, चहासुद्धा आपापल्या घरचा.

सर सांगायचे, शेंग कुठल्याही झाडाची घ्यायची नाही. झाड जुनं, निरोगी, मुळं भक्कम, त्याचीच घ्यायची. अशा झाडाला ते आईझाड म्हणायचे. मी शिवणकाम करते. आईझाडं लांबून ओळखू यावीत म्हणून माझ्या मशीनखालच्या लाल चिंध्या आम्ही त्यांच्या फांद्यांना बांधत होतो. पण खाऱ्या वाऱ्यात चिंधी टिकते किती? पुढच्या हंगामाला सगळ्या पांढऱ्या पडलेल्या असायच्या. "सर, रंगच काढला तर?" असं मीच एकदा म्हटलं होतं. म्हणून ते पट्टे बघून मला वाटलं, माझं ऐकलं त्यांनी. मला फार बरं वाटलं होतं.

जरा आत गेलो तर रंगाचे डबे घेतलेली दोन पोरं भेटली. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, डासांनी हैराण झालेली, आमच्या बाजूची नव्हती.

"तुमका नेरूरकर सरांनी धाडल्यानी काय रे?" मी विचारलं.

"सर कालपर्यंत सोबत होते आमच्या," उंच होता तो म्हणाला. "आज त्यांना तालुक्याला काम होतं."

"आणि सगळ्याच झाडांका पट्टो मारतास?"

"सगळी घ्यायची सांगितलीत, काकी."

कुमुदचं तोंड आनंदाने फुललं. "सगळीच आईझाडा गो," ती मला म्हणाली. "आमी आपली उगाच निवडीत बसलो."

मग आम्ही जे केलं ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पोरं पुढची झाडं रंगवून परत फिरत होती. मागच्या अंगाला सगळ्यात जुने कांदळ, तिकडे ती गेलीच नव्हती.

"आणि ती मागची कित्याक सोडलास?" कुमुदने विचारलं.

"तिकडे जाता येत नाही. मुळंच मुळं आहेत."

"येवा माज्या फाटसून. मी वाट दाखवतंय."

ती त्यांचा डबा हातात घेऊन पुढे झाली. मुळांतून वाकत, बसत, एका हाताने साडी सावरत. त्या खोडांवर शेवाळ होतं, रंग धरेना. तर मी पदराने खोडं पुसून दिली. एकेक खोड. पोरं रंगवत गेली आणि आम्ही पुढची दाखवत गेलो. काम आटोपल्यावर आमच्या डब्यातले घावणे त्यांना दिले. दमलेली होती बिचारी. त्यांनी मान खाली घालून खाल्ले आणि आमच्याकडे फार बघितलं नाही. मला वाटलं लाजतायत.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. ते मागल्या दारी जाळं दुरुस्त करत बसले होते.

"तुमचो सर दर शनिवारी पेट्रोल जाळीत येता," ते म्हणाले. "तो काय तुमच्या घावण्यांसाठी? फुकट कोण कोणाक शिकवता गो?"

"आमचे सर तशे नाय," मी म्हटलं.

ते मी अशा ठसक्यात म्हटलं की ते पुन्हा जाळ्याला लागले.

आमची रोपवाटिका वाडीच्या टोकाला, खाजणात होती. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथे पसरतं ती चिखलाची जमीन. काळ्या पिशव्यांच्या रांगा, भोवती जुन्या जाळ्यांचं कुंपण. उधाणाच्या दिवसांत पाणी आपणहून रांगांत यायचं. भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते, तेव्हा वरच्या रांगा कोरड्या पडायच्या. मग कुमुद कळशीने खाडीचं पाणी आणून घालायची. सगळ्याजणी घालत होतो, पण तिच्यासारखं कोणी नाही. घरात कोणी आजारी असलं तरी ती रोपांकडे एक फेरी मारून यायची. ही रोपं चवथीनंतर तिच्या घरासमोरच्या काठावर लावायची ठरली होती. काठ दर पावसाळ्यात ढासळत होता. नवऱ्यामागे तिला ते घर तेवढं होतं. ती मला म्हणायची, "माज्या दारात पण एक लानसो जुवो होतलो गो वैनी."

कुंपण घालायचं कारण शेळ्या. आदल्या वर्षी कोणाच्या तरी शेळ्या शिरल्या आणि एका रांगेतल्या रोपांचे नुसते शेंडे खाऊन गेल्या. पानं होती, खोड होतं, आम्ही म्हटलं फुटतील पुन्हा. सरांनी बघितलं आणि मान हलवली. "आंब्याचं खुडलं तर बाजूने फुटतं. कांदळाचं तसं नसतं. ह्याचा शेंडा गेला की झाड गेलं." तसंच झालं. महिनाभर उभी राहिली आणि मग एकेक करत वाळली. कुमुद त्या वाळलेल्यांनासुद्धा पाणी घालत होती.

त्या शनिवारी सर पेढे घेऊन आले. आम्ही सगळ्याजणी रोपवाटिकेच्या बांधावर बसलो होतो. सरांनी पेढ्यांचा पुडा फिरवला आणि घसा साफ केला.

"आपल्या रोपवाटिकेची निवड झाली आहे. सोमवारी वरून साहेब लोक बघायला येतायत. सगळ्या ताईंनी स्वच्छ साड्या नेसून हजर राहायचं."

"कशाक निवड, सर?" मी विचारलं.

"लावणीसाठी. खाडीच्या पलीकडे, तीन गावं सोडून, मोठी जागा मिळाली आहे. आपली सगळी रोपं तिथे जाणार."

"आणि कुमुदच्या दारातली?"

"त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी नवीन करू. हे काम मोठं आहे, ताई." ते जरा थांबले. "जुव्यावर धक्का होतोय, तुमच्या कानावर आलं असेल. हॉटेल आणि मोठ्या बोटींचा धक्का. तिथली झाडं जातील. पण नियम असा आहे की एक झाड गेलं तर पाच लावायची. ती पाच आपली."

कोणीतरी पेढा तोंडात घातलेला तसाच धरला. कुमुदला कळलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी काय बोलते ते बघत होती. माझ्या अंगठ्याच्या नखात तो लाल रंग अजून होता. साबणाने गेला नव्हता.

"सर," मी म्हटलं, "ते पट्टे."

"मोजणी होती ती. झाडं मोजल्याशिवाय परवानगी मिळत नाही."

"तुमका आधीपासून ठावक होता?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "सुहासिनीताई, मी नाही म्हटलं असतं तरी धक्का झालाच असता. निदान लावणी तरी आपल्या हातात राहिली. दुसऱ्या कोणाला दिली असती तर त्यांनी दोन काटक्या रोवून फोटो काढले असते. आपली रोपं खरी आहेत."

हे ते मनापासून बोलले. ते लबाडीने बोलले असते तर माझं काम सोपं होतं. त्यांना खरोखर वाटत होतं की हिशोब बरोबर आहे, एक गेलं आणि पाच आली, म्हणजे चार जास्तच. ते मला आजही सहन होत नाही.

"आणि आमची रोपा नसती तर?" मी विचारलं.

"तर परवानगी अडून राहिली असती." सरांच्या आवाजात अभिमान होता. "तयार, जिवंत रोपं दाखवावी लागतात, ती अट आहे. त्यांची धावपळ चालली होती. तुम्हा बायकांनी काय उभं केलंय त्याची तुम्हालाच कल्पना नाही."

रात्रभर मला झोप नाही. रविवारी सकाळी मी घरोघर फिरले. म्हटलं, सगळ्यांनी मिळून साहेबांना सांगू, रोपं द्यायची नाहीत. एकीचा नवरा धक्क्यावर होडी लावणार होता. एकीच्या मुलाला हॉटेलात नोकरी सांगितली होती. एक म्हणाली, "सरांचो शब्द कसो मोडूचो?" एकीने दारातूनच सांगितलं की घरात पाहुणे आहेत. त्यांना तरी काय बोलणार? वाडीत काम म्हणून काही नव्हतं. आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करतलंस?" मी म्हटलं, "माका काय येता ता करतंय."

दुपारी ओहोटी लागली. मी मशीनवर कापड तसंच टाकलं आणि खाजणात गेले. जाळ्याचं कुंपण उघडलं, आत गेले, पुन्हा लावून घेतलं. शेळ्या शिरू नयेत म्हणून. सवयच ती.

पहिल्या रांगेच्या टोकाला बसले. कांदळाच्या रोपाला टोकाशी दोन पानं जोडीने आणि त्यांच्या मधोमध हिरवी सुई. तोच शेंडा. माठाची भाजी खुडतो तसा अंगठ्याच्या नखाने खुडला. मग पुढच्या रोपाचा, मग त्याच्या पुढच्या. मला राग आला होता आणि रागात माझे हात फार चांगले चालतात. खुडलेले शेंडे मी ओच्यात टाकत होते. का, ते मला सांगता येणार नाही. चिखलात टाकवले नाहीत.

बऱ्याच रांगा झाल्यावर कुमुद आली. कमरेवर कळशी. भांगाचे दिवस होते, वरच्या रांगांना पाणी हवं होतं.

"वैनी, काय करतंस गो?"

"शेंडे खुडतंय."

तिने कळशी खाली ठेवली आणि माझ्यासमोरचं रोप हातात घेऊन बघितलं. मग त्याच्या शेजारचं.

"मेली ती."

"मरूकच व्हयी. उद्या सायबांका शेंडे दिसले नाय तर जुवो ऱ्हवता. सरांनीच सांगल्यानी, तू होतंस थंय."

"दुसरीकडसून आणतले ते."

"आणूंदेत. माज्या हातची नको."

"माज्या दारात लावूची होती ही."

"तुज्या दारात लागणत नाय ती, कुमुद. टेम्पोत भरून जातली. आणि जुवो गेलो की तुजा दार पण जातला. समोरसून लाट येतली ती सरळ तुज्या चुलीत."

"दार जातला तेव्हा जातला. ही आज जातत." तिचा आवाज फाटला होता. "खंय तरी जगतली मां? दुसऱ्याच्या गावात जगूंदेत. माका बघूक नाय गावली तरी चालतला."

"आणि जुव्यावरची? त्येंका कोण?"

"ती देवान लावल्यान, तो बघीत. ही मी लावलंय."

मी पुढच्या रोपाला हात घातला. कुमुदने कळशी उचलली आणि मी खुडून ठेवलेल्या रांगेला पाणी घालायला लागली. एकेका पिशवीला, न सांडता. रांग संपेपर्यंत कळशी रिकामी झाली. ती तिथेच ठेवून ती कुंपणातून बाहेर पडली. मला वाटलं घरी गेली, रडायला गेली.

ती वाण्याच्या दुकानात गेली होती. तिथून तिने सरांना फोन केला.

सर आले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं आणि माझ्या निम्म्या रांगा झाल्या होत्या. त्यांच्यामागे कुमुद. सर कुंपणापाशीच थांबले. ती मात्र आत आली आणि न खुडलेल्या पहिल्या रांगेसमोर चिखलात बसली, पाय पसरून, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून. तिला ओलांडून जाणं काही अवघड नव्हतं. माझ्याच्याने झालं नाही.

"ताई, हे तुम्ही काय केलंत?" सर म्हणाले.

"तुमीच शिकवलात," मी म्हटलं. "शेंडो गेलो की झाड गेला."

मी उठून ओच्यातले शेंडे त्यांच्यासमोर बांधावर ओतले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. त्यांनाही त्या रोपांचा लळा होता, हे मी नाकारत नाही.

सोमवारी साहेब आले. उरलेली रोपं बघून खूश झाले. कमी पडली ती कुठूनशी टेम्पोने आली. दिवाळी झाल्यावर जुव्यावर करवती चालू झाल्या. आवाज वाडीत येत होता. लाल पट्ट्याचं एकही झाड सुटलं नाही. आम्ही वाट दाखवली ती मागचीसुद्धा.

आणि माझ्यावर केस झाली. खाजण संरक्षित, त्यातले कांदळ संरक्षित, त्यांची नासधूस म्हणजे गुन्हा. सरांनी तक्रार करायला नको म्हटलं होतं म्हणे, पण साहेबांनी खुडलेली रोपंही पाहिली होती, प्रकरण त्यांच्या हातून सुटलं. कुमुदचा जबाब झाला. तिने खरं तेच सांगितलं, एक शब्द वाढवला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. आमच्या खाडीत अख्खा जुवा बोडका झाला, पण कांदळ मारल्याबद्दल नाव लागलं ते एकटं माझं. जुवा तोडणाऱ्यांकडे परवानगी होती. माझ्याकडे नव्हती.

धक्का झाला, हॉटेल झालं. पुढल्याच्या पुढल्या आषाढात उधाणाच्या भरतीला कुमुदचं मागलं दार गेलं. दाराबरोबर स्वयंपाकघराची भिंत, चुलीचा ओटा, पाट्यावरचा वरवंटा. दिवसाढवळ्या गेलं, माणसं बघत उभी होती. संध्याकाळी ती एक पेटी आणि भांड्यांचं गाठोडं घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसली. दुसरीकडे जायला तिला जागा होती कुठे? मी तिला मागली खोली दिली. ती अजून तिथेच असते.

एकदा जेवताना ती म्हणाली, "वैनी, ती थंय जगली नाय गो."

"खंय?"

"तीन गावा पलीकडे. मी बघून इलंय. रेवेत लावल्यानी. सगळी आडवी झाली हत. बोर्ड तेवढो उभो हा."

"जेव," मी म्हटलं.

मी तिला रोज जेवू घालते. माफ केलेलं नाही. तिनेही माफी मागितलेली नाही. तिच्या मते चूक माझी होती. आम्ही दोघी एका चुलीवर स्वयंपाक करतो आणि त्या दुपारचं नाव काढत नाही.

केस रेंगाळत राहिली. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. ह्यांची होडी त्या दिवशी बंद. शेवटी कधीतरी वनखात्यात नवीन साहेब आले. चांगले होते. त्यांनी मला आणि सरांना समोर बसवलं आणि म्हणाले, आपण तडजोड करू. बाईंनी जेवढी रोपं मारली तेवढी पुन्हा वाढवून द्यावीत. केस मिटवून टाकू.

"तुम्हाला तर हे काम येतंच," साहेब माझ्याकडे बघून हसले.

"येता," मी म्हटलं. "शेंगा खंयच्या आणू?"

"म्हणजे?"

"शेंगा झाडार लागतत, सायबा. आईझाडार. आमच्याकडे आता एक पण नाय. तुमीच सांगा, खंयसून आणू?"

साहेबांनी सरांकडे बघितलं. सर टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. खूप म्हातारे झाले होते तोवर. "दुसऱ्या एका खाडीत आहेत," ते हळू म्हणाले. "मी पत्ता देतो, ताई. तिथे सांगून ठेवतो."

म्हणून मी पोतं घेऊन दोन तालुके ओलांडून त्या खाडीवर गेले. एसटीने, मग चालत. शेवंती नावाची एक बाई काठावर माझी वाट बघत उभी होती. तिशीची असेल, पदर खोचलेला, पायाला सुकलेला चिखल.

"पाटखोलच्या वैनी मां तुमी? सरांनी फोन केल्यानी. चला, होडी तयार हा."

पलीकडे उतरून कांदळ बघितले. आमच्यापेक्षाही जुने होते. मुळांत तसाच काळोख, तशाच चिखलात बुडबुडणाऱ्या खेकड्यांच्या बिळांच्या रांगा. आणि फांद्यांना लाल चिंध्या बांधलेल्या.

"ही आईझाडा," शेवंती सांगायला लागली. "शेंग ओढूची नाय हां वैनी, गळ्याकडे पिवळा कडा बघूचा. आमी सगळी बायका फुकट करतो. रोपा झाली की आमच्या काठार लावतले. पण ही चिंदी टिकना नाय मेली. मी सरांका म्हटलंय, रंगच काढूया. सर म्हणाले, बघूया पुढच्या वर्साक."

मी पोतं खाली ठेवलं. एका मुळावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. पट्टे सांगितले, पदराने पुसलेली खोडं सांगितली, घावणे सांगितले. शेंडे सांगितले. कुमुदची चूल सांगितली. माझ्यावरची केस सांगितली आणि ते पोतं कशाला आणलं तेही सांगितलं. ऐकताना तिचे हात थांबले होते.

माझं बोलून झाल्यावर तिने सुस्कारा सोडला.

"वायट झाला गो वैनी तुमचा," ती म्हणाली. "पण सर तशे नाय हां. तुमचीच कायतरी चूक झाली आसतली."

अगदी ठसक्यात म्हणाली. मग ती उठली, डोक्यावरच्या फांदीची एक शेंग निरखली, पिवळं कडं बघून हलकीच फिरवली आणि माझ्या पोत्यात टाकली. मग दुसरी बघायला लागली.